माझा न उगवलेला सुळा

गालाला आतून गाठ आली आहे आणि ती कुणाला कळू नये म्हणून जो माणूस दिवसभर गालात पान धरून हिंडतो, त्याच्यासाठी मी हे लिहितो आहे. अशी माणसं असतात. मी स्वतः सात महिने तसा हिंडलो. ज्यांना गाठ नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. दुसऱ्याची फजिती वाचताना आपलं दुखणं तेवढ्यापुरतं विसरायला होतं.

मी जनावरांच्या बाजारातला दलाल. गाव पिंपळी. बाजार बारामतीचा, गुरुवारचा. जमलं तर इंदापूरचाही. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. सातवी पास असल्यामुळे गावातले लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेतात. तेवढ्याच भांडवलावर हे लिहायचं धाडस करतोय.

दलालाची सगळी विद्या बैलाच्या तोंडात असते. बैलाचं वय मालकाला विचारून उपयोग नाही, ते बैलालाच विचारावं लागतं. खालचा ओठ अंगठ्यानं ओढायचा आणि दात बघायचे. सगळे दुधाचे असतील तर तो आदत, म्हणजे अजून पोर. दोन पक्के आले की दोन दाती, मग चार दाती, सहा दाती. आठही पक्के आले की बैल जुळला. जुळल्यानंतरचं वय मालक सांगतो आणि गिऱ्हाईक नुसतं हसतं.

आता एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर आहे. बैलाला वरच्या हिरडीला पुढचे दात नसतातच. तिथं नुसती टणक गादी असते. त्यामुळे पंधरा वर्षांत मी हजारो ओठ खाली ओढले, पण एकदाही कुणाचा ओठ वर उचलून बघितला नाही. आणि माझा आजार नेमका वर होता.

दुधाचा दात

माझा वरचा डावा सुळा दुधाचा होता. लोकांचा दहाव्या-बाराव्या वर्षी पडतो, माझा पडलाच नाही. दोन थोराड दातांच्या मध्ये तो एवढासा उभा असायचा, पाहुण्यांच्या पंगतीत बसलेल्या पोरासारखा. दुसरा कुणी असता तर त्याला काळजी वाटली असती. मला अभिमान वाटायचा. आमच्या शास्त्राप्रमाणे ज्याचा दुधाचा दात शिल्लक आहे तो जुळलेला नाही, आणि जो जुळलेला नाही तो तरुण!

या शास्त्राचा मी लग्नातसुद्धा उपयोग केला. मुलगी पळसदेवची, भीमेच्या काठची. तिचे वडील, तात्या, स्वतः बैलांचे शौकीन. बैठकीत त्यांनी विचारलं, "नवऱ्या मुलाचं वय काय म्हनायचं?"

मला एकोणतीस पूर्ण झाली होती. आमच्याकडे त्या वयाला माणसं दोन-तीन पोरांचे बाप असतात. चुलत्यांनी खोकायला सुरुवात केली. मी सरळ म्हणालो, "तेवीस," आणि कुणी काही बोलायच्या आत बोटानं ओठ वर करून दाखवला. "बगून घ्या तात्या. दुधाचा दात अजून पडायचा हाय."

बैठक खदखदून हसली. तात्याही हसले, मी तर सगळ्यांत मोठ्यानं. लग्न ठरलं. दातानं काम केलं, असं समजून मी खूश झालो.

पान

लग्नाला दोन वर्षं झाली. आनसा, म्हणजे माझी बायको, तिला दिवस जाणार-जाणार असं घरात बोलणं चाललं होतं, तेव्हा माझ्या नाकाच्या डाव्या बाजूला, गालात आतून काहीतरी फुगायला लागलं. दुखत नव्हतं. सुरुवातीला सुपारीएवढं, मग लिंबाएवढं.

खरं सांगतो, मी घाबरलो. आमच्या भावकीतल्या एका चुलत्याला गालात अशीच गाठ आली होती. त्यानंही ती सहा महिने लपवली. शेवटी त्याला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं, आणि ज्वारी काढायच्या वेळेला तो नव्हता. घरात त्या रोगाचं नाव कुणी घेत नाही. मीही इथं घेत नाही. तुम्हाला कळलं.

भिणाऱ्या माणसाला अक्कल भराभर सुचते आणि सगळी चुकीची सुचते. मी गालात पान धरायला लागलो. कुणी गालाकडे बघितलं की मी जबडा हलवायचा. चुना आणि कात आतल्या बाजूला झोंबायचे, म्हणून नुसतं कोरं पान दुमडून ठेवायचो. दिवसाला दहा-बारा पानं व्हायची. बाजारातल्या पानवाल्यानं तेवढ्या काळात माझ्याशी सोयरीक असल्यासारखं बोलायला सुरुवात केली.

बिबा आणि बैल

सातव्या महिन्यात गाल पानाच्या हिशेबाबाहेर गेला. तेव्हा मी गेनूआबांना दाखवलं. आबा साठीचे, माझे या धंद्यातले गुरू. त्यांनी मला लिंबाखालच्या दगडावर बसवलं, सवयीनं माझा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढला आणि बघितलं.

"दात येक नंबर हायेत. तुला काय झालंय?"

"आबा, गाठ वर हाय."

"वर?" आबा गोंधळले. "वर काय असतंय?"

शेवटी त्यांनी गाल दाबून बघितला आणि बैलाच्या खांद्याला सूज आल्यावर सांगतात तोच इलाज सांगितला: "डाग देऊ. इळा तापवून येकदा टेकवला का झालं."

मी हात जोडले. मग तडजोड म्हणून बिबा ठरला. गरम बिब्याचं तेल बाहेरून गालाला लावायचं. ज्यांना बिबा माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांनी माझ्यावर उपकार म्हणून तो तोंडाला लावू नये. गुरुवारी सकाळी माझा गाल काळा-निळा होता, फोड फुटून पाणी गळत होतं, आणि आतली गाठ जिथल्या तिथं, जराही न दचकता बसलेली होती.

तरीही मी बाजारात गेलो. त्या दिवशी वडगाव निंबाळकरच्या भानुदासरावांचा हौशा विकायचा होता. पांढराशुभ्र खिलार, आणि इतका गरीब की पोरं त्याच्या पोटाला टेकून झोपायची. मी इंदापूरकडच्या एका गिऱ्हाइकाला तासभर हेच सांगत होतो. सौदा जवळजवळ झाला होता. तेवढ्यात गिऱ्हाईक म्हणालं, "दलाल, तोंडाला काय झालं?"

मी विचार न करता म्हणालो, "काय न्हाय वो. बैलानं शिंग मारलं."

"कुठल्या?"

माझा हात त्या वेळी हौशाच्या पाठीवर होता. गिऱ्हाइकानं हाताकडं बघितलं. हौशाच्या शिंगांकडं बघितलं. मग माझ्या गालाकडं बघितलं आणि धोतर सावरत निघून गेलं.

भानुदासराव माझ्या मागंच उभे होते.

"शिवा," ते अगदी हळू म्हणाले, "माझ्या हौशानं तुला मारलं?"

"तसं न्हवं राव, मी आपलं..."

"भर बाजारात माझ्या बैलाला मारका ठरवलास तू. आता ह्याला कोन घेनार? चल डाक्टरकडं. ही शिंगाची जखम न्हाय असं मला लिहून पायजे. कागद पायजे मला!"

एका हातानं माझं मनगट आणि दुसऱ्या हातानं हौशाची वेसण धरून ते निघाले. बारामतीच्या रस्त्यावरून आमची वरात गेली. म्हणजे लक्षात घ्या: सात महिने मी जिवाच्या भीतीनं डॉक्टरकडं गेलो नव्हतो. शेवटी गेलो तो एका बैलाच्या अब्रूसाठी.

दाखला

दवाखान्यातले मोठे डॉक्टर इंदापूरला गेले होते. दर गुरुवारी पुण्याहून येणारे दातांचे डॉक्टर तेवढे होते. तरुण, किडकिडीत, चष्मा लावलेले. हौशाला बाहेर खिडकीशी बांधलं. तो आत मान घालून बघायला लागला.

"साहेब, ही जखम शिंगाची हाय का, तेवढं बोला," भानुदासराव म्हणाले.

डॉक्टरांनी गालाकडं एक नजर टाकली. "बिबा लावलाय. शिंगाचा काही संबंध नाही."

"लिहून द्या."

डॉक्टरांनी खिडकीतल्या हौशाकडं बघितलं आणि खरोखरच लिहून दिलं. भानुदासरावांनी कागद घडी करून मुंडाशात खोवला. मग डॉक्टर माझ्याकडं वळले. "पान थुंका."

मी थुंकलो. त्यांनी माझा ओठ धरला आणि वर उचलला.

पंधरा वर्षं मी जे कुणाचं केलं नाही ते त्यांनी माझं केलं. बोटानं गाठ दाबली. आतून अंड्याचं टरफल दाबल्यासारखं चुरचुरलं. ते मलाही ऐकू आलं.

"हे कधीपासून आहे?"

"आठ दिस."

डॉक्टरांनी गाठीवरचं बोट हलवलं नाही.

"सात महिनं," मी म्हणालो.

"घरी कोण आहे?" त्यांनी विचारलं. या प्रश्नासरशी मला तो चुलता आठवला. आनसाला तेव्हा पाचवा महिना संपत आला होता. भानुदासराव मघापासून तावात उभे होते, ते खाली बसले. खिडकीत हौशा शांतपणे रवंथ करत होता. त्या खोलीत निर्धास्त असा तो एकटाच.

आनसाला कळलं ते

घरी येऊन मी सगळं सांगायला तोंड उघडलं, तर आनसा भाकरी थापता थापता म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"गाठ. पान खानाऱ्याचं व्हट लाल असत्यात. तुमचं कवा लाल दिसलं न्हाईत."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगशीला म्हून वाट बघत हुते." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "लई येळ लावलासा."

दुखण्यात घरच्यांशी खोटं बोलणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: तुम्ही फक्त दवाखान्याला फसवता. घराला नाही.

सारवण

दौंडला गाडी बदलून पुण्याला जाऊन मी तोंडाचा एक्स-रे फोटो काढून आणला. पुढच्या गुरुवारी आनसाला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी फोटोची काच उजेडात धरली. माझ्या नाकाखाली एक काळाभोर खड्डा होता आणि त्यात एक मोठा सुळा आडवा पडला होता, गोठ्यात बैल आडवा झोपावा तसा.

"हा तुमचा खरा सुळा," डॉक्टर म्हणाले. "वाट चुकला. आडवा झाला, म्हणून उगवला नाही. आणि तो आला नाही म्हणून दुधाचा पडला नाही."

लग्नात दाखवलेला दात मी जिभेनं चाचपला. तारुण्याचा दाखला म्हणून मी जो मिरवत होतो, ती रोगाची पाटी होती.

"आणि त्यो खड्डा?"

डॉक्टरांना शिकवायची हौस होती. ते म्हणाले की दात हिरडीत असतानाच त्याच्यावर ते पांढरं, चकचकीत, हाडापेक्षाही कठीण कवच चढतं, आणि ते चढवणाऱ्या बारीक पेशी असतात. उंच, सडपातळ, एकीला एक खेटून रांगेत उभ्या. प्रत्येक पेशी आपल्यासमोर कवचाचा थर टाकते आणि थर टाकत टाकत मागं सरकते. पहिला थर मऊ असतो. मग त्याच पेशी त्यातलं पाणी आणि मऊ माल काढून घेतात आणि चुन्यासारखा क्षार भरून तो दगडासारखा करतात.

मी मान डोलावत होतो. काहीही कळत नव्हतं. सौदा फसणार असं दिसलं की मी अशीच मान डोलावतो.

आनसा म्हणाली, "म्हंजी सारवत्यात की."

डॉक्टर थांबले. "काय?"

"घर सारवताना आपुन भितीपासनं सुरू करतो आन मागं मागं सरत दाराकडं येतो. न्हायतर आपल्याच सारवनावर आपला पाय पडंल."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अगदी तसंच. अगदी! त्या पेशीसुद्धा आपल्या कामावर पाय देत नाहीत. दाताकडून बाहेर बाहेर सरकत येतात. काम संपलं की आखडतात, त्यांचा एक पातळ पापुद्रा दातावर उरतो. दात उगवला की तो झिजून जातो. म्हणून दाताचं कवच एकदा फुटलं की पुन्हा भरून येत नाही. सारवणाऱ्या बायका निघून गेलेल्या असतात."

"आन ह्यांचा दात उगवलाच न्हाय," आनसा म्हणाली.

"हां! काम त्यांचं सहाव्या-सातव्या वर्षीच संपलं होतं. पण दात बाहेर आला नाही, मग त्या जातील कुठं? पापुद्रा तसाच राहिला. दात आणि पापुद्रा यांच्या मध्ये पाणी साठत गेलं, त्याची पिशवी झाली, आणि पिशवी हाड खात मोठी होत चालली."

"दार उघाडलंच न्हाय, म्हून बाया आतच बसल्या," आनसा मला समजावत म्हणाली, जसा काही मी त्या बायकांचा मुकादम.

मग डॉक्टरांनी आवाज खाली आणला. पिशवी काढावी लागेल, दातही काढावा लागेल. पिशवीचा तुकडा तपासायला मुंबईला पाठवावा लागेल. बहुतेक वेळा त्यात काही नसतं. पण क्वचित त्या उरलेल्या पेशी बिथरतात आणि नको तसं वाढायला लागतात. तसं असलं तर वरच्या जबड्याचा बराच भाग काढावा लागेल.

जबड्याशिवायचा दलाल. मी हसायचा प्रयत्न केला. गाल फोडांनी ताणला होता, तोही साथ देईना.

निघताना डॉक्टर आनसाकडं बघून म्हणाले, "तुमच्या बाळाच्या हिरडीत ते सारवण आत्ता सुरू झालं असेल. पोटातच सुरू होतं. दूध, भाजी नीट खा."

ती गाडीत बसेपर्यंत पोटावर हात ठेवून होती. आणि घर येईपर्यंत एकच म्हणाली, "एवढंसं हाय आन सारवाय बी लागलं."

वय

ऑपरेशनच्या दिवशी पळसदेवहून तात्या आले. मला खुर्चीत बसवलं होतं. डॉक्टर बधिर करायची सुई भरत होते. "वय?"

तात्या दारात उभे होते. "पंचवीस," मी म्हणालो.

"खरं सांगा. औषधाचं माप ठरवायचंय."

माप चुकलं तर काय होतं ते मला माहीत नव्हतं, पण कल्पना करायला वेळ लागला नाही. "एकतीस," मी म्हणालो, आणि डोळे मिटून घेतले.

दारातून तात्यांचा आवाज आला. "आमाला ठावं हुतं."

"कसं?" मी डोळे न उघडता विचारलं.

"जावयबापू, बैल घेताना मी तोंड बगतो, मग जावय घेताना बगनार न्हाय? त्या दिवशी तुमी सोताच्याच बोलन्यावर एवढं मोठ्यानं हसला, का पार अक्कलदाढा दिसल्या. चारीबी आलेल्या."

"मग पोरगी का दिलीसा?"

तात्या दारातूनच म्हणाले, "मोठ्यानं हसत हुता, म्हून."

त्यानंतर सुई टोचली. टाळूत सुई टोचणं म्हणजे काय ते लिहीत नाही, वाचणाऱ्यानं ऑपरेशन टाळायला नको. पुढं दुखलं नाही, पण सगळं ऐकू येत होतं. छिन्नी, हातोडी, टक टक. आपल्याच डोक्यात गवंडी काम करतोय आणि आपण घराबाहेर बसलोय, असं काहीतरी. पिशवी फुटली तेव्हा उसाच्या पातळ रसासारखं पिवळं पाणी निघालं. मग दाताचे चिमट्यानं दोन हिसके, आणि सुळा बाहेर आला. सोबत दुधाचा दातही.

धुतल्यावर डॉक्टरांनी तो सुळा आम्हाला दाखवला. मी जन्मात एवढा सुंदर दात बघितला नाही. पांढरा, लखलखीत, कुठं चरा नाही. त्या सारवणाऱ्या पेशींनी कुणी बघणार नाही अशा अंधारात इतकं निगुतीनं काम केलं होतं. तात्यांनी तो दोन बोटांत धरून फिरवला आणि बाजारातला निकाल दिला: "माल चोख हाय. पर येक दिवस कामाला आला न्हाय."

आठ दिवस गप्प

दवाखान्यात चार खाटा होत्या, त्यातली खिडकीजवळची माझी. गालातल्या पोकळीत डॉक्टरांनी औषधात भिजवलेली पिवळी पट्टी कोंबून भरली होती. रोज सकाळी दवाखान्यातले मोठे डॉक्टर ती थोडी थोडी ओढून काढायचे. किती लांब होती कोण जाणे. एकदा वाटलं, आता दुसऱ्या टोकाला माझं मुंडासंच निघणार. तिचा वास असा की शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दोन दिवस आधीच बरं वाटलं आणि तो घरी गेला.

आठ दिवस बोलायचं नाही, असा हुकूम. दलालाला ही शिक्षा फाशीच्या खालची. जेवायला पेज. गेनूआबा भेटायला आले, पायथ्याशी बसले, आणि मी बोलत नाही हे बघून तेही तासभर बोलले नाहीत. उठताना फक्त म्हणाले, "वर बी असतंय व्हय रं," आणि गेले.

वडगावहून रोज सकाळी लोटाभर म्हशीचं दूध यायचं. भानुदासराव स्वतः एकदाच आले. "रागवू नगंस शिवा. हौशा गेला बग. कागद दाखवला आन लगीच गेला." डॉक्टरांचा दाखला असलेला बैल बारामतीच्या बाजारात त्याआधी कुणी बघितला नव्हता. तो कागद गिऱ्हाईक बैलाबरोबर घेऊन गेलं म्हणे.

हे सगळं हसण्यासारखं आहे, आणि मी हसायचोसुद्धा, पण दुपारी, सगळे जेवायला गेले आणि खिडकीतून ऊन खाटेवर आलं की मला तो चुलता दिसायचा. जिभेनं मी गालातली पट्टी चाचपायचो. तिथं मागं कोण राहिलंय? शांतपणे निघून जाणाऱ्या पेशी, की बिथरलेल्या? आनसा बाजूला गोधडी शिवत बसायची. मी बोलू शकत नव्हतो हे एका परीनं बरंच होतं. बोललो असतो तर रडलो असतो.

निकाल

मुंबईचा कागद तीन आठवड्यांत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आनसाला सातवा महिना लागल्यावर तात्या बैलगाडी घेऊन तिला माहेरी न्यायला आले. ती म्हणाली, "ह्यांचा निकाल ऐकल्याबिगर मी जायची न्हाय." गाडी रिकामी परत गेली. पंधरा दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा रिकामी गेली.

तीन आठवडे कधीच झाले होते. दवाखान्यात जायचं धाडस मलाच होत नव्हतं. एका गुरुवारी घरी सांगितलं की डॉक्टर भेटले नाहीत. दुसऱ्या गुरुवारी इंदापूरला निघून गेलो. तिसऱ्या गुरुवारी बाजारात जनावरांच्या गर्दीत अशा ठिकाणी उभा राहिलो की रस्त्यावरून दिसू नये. आठवा महिना लागत आला होता. आता गाडीचे धक्के तिला सोसणार नाहीत, हे मला कळत होतं. माझ्या भित्रेपणापायी ती अडकली होती.

तेवढ्यात समोरच्या बैलांच्या पायांमधून मला पायजमा दिसला. बाजारात पायजमा घालून कोण येतं? मी वर बघितलं. डॉक्टर. त्यांना वाट दाखवत भानुदासराव.

"हा बगा, हितं लपलाय," भानुदासराव म्हणाले.

डॉक्टर शेणातून पाय वाचवत आले. कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी तोंड उघडलं.

"थांबा," मी म्हणालो. "साहेब, तोंडानं सांगू नगा."

खांद्यावरच्या उपरण्याचा पदर मी आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. बाजारात भाव असाच ठरतो: कापडाखाली एकमेकांची बोटं धरायची, बाजूच्याला काही कळत नाही. "हितं सांगा," मी म्हणालो. "वाईट असंल तर माझं येक बोट धरा. चांगलं असंल तर सगळी मूठ."

पुण्याचे शिकलेले डॉक्टर. मला वाटलं, रागावतील. पण त्यांनी कागद खिशात ठेवला आणि कापडाखाली हात घातला. त्यांचा हात गार होता. आधी करंगळीला लागला. संपलं सगळं. नुसते चाचपत होते हो, त्यांना सवय नव्हती. मग त्यांनी माझी अख्खी मूठ धरली आणि घट्ट दाबली.

मला दिसेनासं झालं. गेनूआबा कुठूनसे पुढं आले. "काय ठरलं?"

"ठरलं," मी म्हणालो. एवढंच बोलता आलं. डॉक्टर हात सोडवून घेईनात, कारण मीच सोडत नव्हतो.

त्याच संध्याकाळी पळसदेवला निरोप गेला. दोन दिवसांनी तात्यांची गाडी गवताची गादी घालून आली आणि आनसा माहेरी गेली. गाडी निघताना तिनं मला जवळ बोलावलं, भर रस्त्यात माझा ओठ बोटानं वर उचलला, आत बघितलं आणि म्हणाली, "काय न्हाय."

पहिला दात

मुलगी झाली. ती सात महिन्यांची असताना पळसदेवला गेलो तेव्हा आनसा म्हणाली, "बगा, दात आला."

मी हात धुतले, पोरीला मांडीवर घेतलं, आणि सवयीनं तिचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढला. एक इवलासा, तांदळाच्या कणीएवढा पांढरा दात. तो सारवणाऱ्या पेशी आता संपल्या असणार, निघून गेल्या असणार, रीतसर, दार उघडल्यावर. मग मी तिचा वरचा ओठही उचलून बघितला. वर अजून काही नव्हतं. पण बघितलं.

"गेनूआबा म्हनत्यात तशी आदत हाय का?" आनसानं विचारलं.

मी पोरीला नीट जवळ घेतलं. थंडी होती, म्हणून माझ्या उपरण्याचा पदर पोरीवर घातला होता. त्याखाली तिचा हात माझ्या हाताला लागला. आधी एक बोट धरलं तिनं. मी वाट बघितली. मग दुसरं, तिसरं. जेवढी मावतील तेवढी सगळी तिनं मुठीत घेतली, आणि दाबली.